मूव्हिंग हेड दिव्यांतील यांत्रिक बिघाड

मूव्हिंग हेड दिवा हा रंगमंच, संगीताचे कार्यक्रम व दूरचित्रवाणी चित्रीकरण यांत वापरला जाणारा, दूरनियंत्रणाने झोताची दिशा बदलणारा दिवा होय. महाराष्ट्रातील मंडप व प्रकाशयोजना व्यवसायात अरुंद झोताच्या अशा दिव्याला सरसकट ‘शार्पी’ म्हटले जाते. प्रकाशस्रोत शाबूत असतानाही या दिव्याची हालचाल बिघडू शकते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील डॅलस येथील शोको कंपनीने विकसित केलेले व्हेरी-लाइट दिवे जेनेसिस या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या १९८१ सालच्या दौऱ्यात प्रथम जाहीरपणे वापरले गेले. १९८६ साली डीएमएक्स५१२ हे नियंत्रण-मानक तयार झाले. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे एकाच नियंत्रण-फलकावरून चालवणे सुकर झाले.

रचना

दिव्याचे तळपेटी, दोन बाहूंची कमान (योक) आणि डोके असे तीन भाग असतात. कमान आडवी फिरते, त्यास पॅन म्हणतात. डोके वरखाली कलते, त्यास टिल्ट म्हणतात. अनेक दिव्यांत पॅनचा आवाका ५४० अंश, तर टिल्टचा सुमारे २७० अंश असतो. ही हालचाल बहुधा स्टेपर मोटर व दातेरी पट्टा यांच्याद्वारे होते. सामान्य स्टेपर मोटर एका पावलात १.८ अंश, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले फिरते.

स्टेपर मोटरला स्वतःची जागा कळत नाही. नियंत्रक केवळ पाठवलेली पावले मोजतो. म्हणून दिवा सुरू होताच प्रत्येक मोटर चुंबकीय (हॉल) किंवा प्रकाशीय संवेदकाच्या साहाय्याने आरंभस्थान शोधते. या क्रियेस रीसेट म्हणतात. पुढे हालचालीत अडथळा येऊन पावले चुकली, तरी नियंत्रकाची मोजणी चालूच राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक दिव्यांत पॅन व टिल्टला एन्कोडर जोडलेला असतो.

लक्षणे व संभाव्य कारणे

• रीसेट होत असताना डोके टोकाच्या अडणीवर आदळत राहणे : संवेदकावर धूळ बसणे, चुंबक निखळणे किंवा संवेदकाची तार तुटणे.
• झोत हळूहळू ठरलेल्या जागेवरून ढळणे : पट्टा सैल होणे, त्याचे दाते झिजणे किंवा मोटरच्या दांड्यावरील कप्पीचा स्क्रू ढिला होणे.
• डोके स्थिर न राहता थरथरणे : एन्कोडरची चकती मळणे किंवा पट्ट्याचा ताण बिघडणे.
• ठरावीक कोनातच बिघाड दिसणे : कमानीतून जाणाऱ्या तारा वारंवार वाकून आतून तुटणे.
• दिवा तापल्यावर भिंग अडकणे : सरकपट्टीवर धूळ व धूरयंत्राच्या द्रवाचा चिकट थर साचणे.

तपासणीचा क्रम

प्रथम वाहतुकीसाठी लावलेली पॅन व टिल्टची कुलपे उघडली आहेत का, हे पाहतात. ती बंद राहिल्यास निर्दोष दिवाही त्रुटी दाखवतो. त्यानंतर वीजपुरवठा तोडून डोके व कमान हाताने सावकाश फिरवतात. एखाद्या जागी जडपणा जाणवल्यास दोष बेअरिंग, पट्टा किंवा अडकलेली तार यांत शोधावा लागतो.

हालचाल मोकळी असल्यास संवेदक व जोडण्या तपासल्या जातात. शेवटी, एकसारख्या दोन मोटरींच्या जोडण्या मंडलपट्टीवर अदलाबदल करतात. दोष दुसऱ्या मोटरीकडे गेला तर मंडलातील चालक भाग सदोष ठरतो. तो मूळ मोटरीतच राहिला तर मोटर, तिच्या तारा किंवा तिने फिरवलेला यांत्रिक भाग तपासावा लागतो. हा क्रम टाळून थेट मोटर बदलल्यास मूळ कारण कायम राहण्याचा संभव असतो.

सुरक्षितता

हे दिवे कलावंत व प्रेक्षक यांच्या डोक्यावर टांगले जातात. त्यामुळे मुख्य पकडीखेरीज स्वतंत्र सुरक्षा-तार आवश्यक असते. आदळणारा दिवा केवळ पुन्हापुन्हा रीसेट करून चालू ठेवल्यास पट्टा व अडण यांची हानी वाढते. असा दिवा खाली उतरवून तपासणे योग्य ठरते. विसर्जन-दिव्याच्या नळीत तप्त असताना उच्च दाब असल्याने ती फुटू शकते. म्हणून ती पूर्ण थंड झाल्याखेरीज आवरण उघडत नाहीत.