गेलेल्या धोक्याची ओढ

माणसाला आपल्या सुखाचे दिवस आठवावे यांत नवल कांहींच नाहीं. नवल आहे तें हें कीं, ज्या काळांत पदोपदीं मृत्यू उभा होता त्या काळाचीहि त्याला हुरहुर लागते. आणि ती बहुधा त्यालाच लागते, जो त्या काळीं तेथें हजर नव्हता. मोटारींच्या शर्यतींचा इतिहास सांगणारे जे माहितीपट गेल्या पंधरा-वीस वर्षांत निघाले, त्यांनीं ही हुरहुर घरोघर नेऊन पोंचविली आहे. जुन्या गाड्यांचा तो कर्कश आवाज, तेलानें माखलेले ते हंसरे तरुण चेहरे, आणि त्यांतले किती वांचले याचा मागाहून कळणारा हिशेब, असें सारें पाहून उठलेला श्रोता सहज म्हणून जातो, 'शर्यत खरी ती! आतां काय राहिलें आहे?'

मिरजेंत राहणाऱ्या माणसानें ह्या उद्गाराचा विचार करावा, याला एक कारण आहे. मूळचे कॅनडाचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं येथें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून हें गांव जसें तंबोऱ्यांचें तसें शस्त्रक्रियेचें म्हणूनहि ओळखलें जातें. पुढें १९६२ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. सांगली-कोल्हापुराकडून आणि खालीं कर्नाटकांतून, रस्त्यावर मोडलेलीं माणसें येथें आणलीं जातात. वेगाची कथा इतरत्र लोक निशाणापाशीं उभे राहून पाहतात. मिरजकर ती स्ट्रेचरच्या बाजूनें पाहतो.

२०१० सालीं निघालेला 'सेन्ना' हा माहितीपट घ्या. दिग्दर्शक आसिफ कपाडिया यांचा जन्म लंडनचा, पण घराणें मूळ भारतांतलें. ब्राझीलचा आयर्टन सेन्ना हा १९८८, १९९० आणि १९९१ असा तीनदां जगज्जेता ठरलेला शर्यतपटू. त्याचें हें चरित्र. कोणी जाणता गृहस्थ खुर्चीवर बसून आपल्याला इतिहास समजावून देत आहे असा प्रकार यांत नाहीं. सारें चित्रण त्या काळचेंच. सांगणारे आहेत, पण त्यांचे केवळ आवाज कानीं पडतात. त्यामुळें घडून गेलेली गोष्ट आतां डोळ्यांपुढें घडत आहे असें वाटूं लागतें, आणि शेवट ठाऊक असूनहि तो कदाचित् टळेल म्हणून आपण वाट पाहत बसतों. कॅमेरा गाडींतच बसविलेला. मोनाकोच्या अरुंद गल्ल्यांतून गाडी जात असतां एक हात चाकावर आणि दुसरा क्षणोक्षणीं गिअरच्या दांड्यावर जातांना दिसतो. यंत्राच्या मागें माणूस आहे, हें त्या हातांवरून कळतें. चित्रपटाची मोहिनी मला तरी त्या हातांत वाटते.

पण हाच चित्रपट अखेरीस इटलींतील इमोला येथें येतो. १९९४ च्या एप्रिलअखेरचा शुक्रवार. रुबेन्स बारिकेलो भयंकर आदळतो पण वांचतो. शनिवारीं ऑस्ट्रियाचा रोलांड राट्झेनबर्गर मरण पावतो. शर्यतींचे मुख्य वैद्य सिड वॉटकिन्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य आणि सेन्नाचे स्नेही. त्यांनीं त्याला सुचविलें कीं, तीनदां जगज्जेता झालास, आतां हें पुरे कर, आपण दोघे मासे धरायला जाऊं. तें आपल्या हातीं नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. दुसऱ्या दिवशीं, १ मे रोजीं, धांवेच्या कडेला त्याच मित्राचें डोकें हातीं घेऊन उपचार करण्याचा प्रसंग वॉटकिन्स यांच्यावर आला. सेन्नाच्या मोडक्या गाडींत ऑस्ट्रियाचा ध्वज गुंडाळून ठेवलेला सांपडला. जिंकल्यावर तो राट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवावयाचा होता. ज्या चित्रपटानें गेल्या काळाची ओढ लावली, त्यानेंच तिचा हिशेबहि मांडला. प्रेक्षकानें त्यांतला पूर्वार्ध तेवढा लक्षांत ठेवला तर दोष चित्रपटाचा नव्हे.

तरी सेन्नाचा काळ पुष्कळच सुधारलेला म्हणावयाचा. त्याच्या मागचीं तीन-चार तपें पाहिलीं म्हणजे अंगावर कांटा येतो. ११ जून १९५५ रोजीं फ्रान्समधील ल मां येथें एक गाडी उडून तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. चालक पियेर लव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. शर्यत मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत चालूच राहिली. ती थांबविली असती तर परतणाऱ्या गर्दीनें रुग्णवाहिकांची वाट अडली असती, असें कारण देण्यांत आलें. स्वित्झर्लंडनें ह्या दुर्घटनेनंतर आपल्या देशांत अशा शर्यतींना बंदी केली आणि ती कित्येक दशकें टिकली. १९७० सालीं तर जोखेन रिंट हा जगज्जेता ठरला तो मरणोत्तर.

ह्या अवस्थेविरुद्ध ज्यानें आवाज उठविला तो स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट. १९६६ सालीं बेल्जममधील स्पा येथें भर पावसांत त्याची गाडी रस्ता सोडून गेली. तो आंत अडकला आणि अंगावर पेट्रोल झिरपत राहिलें. सोडवायला शर्यतीचें पथक नव्हतें. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट हे त्याचेच प्रतिस्पर्धी धांवून आले. पाना मिळाला तो एका प्रेक्षकाच्या गाडींतून. पुढें रुग्णवाहिकाहि वाट चुकली. बरा झाल्यावर स्ट्यूअर्टनें कठडे, वैद्य, पट्टे, अग्निशामक यांची मागणी लावून धरली, तेव्हां त्याला भित्रा म्हणणारे निघाले. तीनदां जगज्जेता झालेल्या माणसाला भित्रा म्हणणारे बहुतेक कठड्यापलीकडे उभे राहणारे होते, हें नमूद करून ठेवण्याजोगें आहे. त्याची शंभरावी शर्यत १९७३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत व्हावयाची होती. आदल्या दिवशींच्या सरावांत त्याचा जोडीदार फ्रान्स्वा सेव्हेर मरण पावला, आणि स्ट्यूअर्टच्या नांवावर ९९ शर्यतीच राहिल्या.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत हॉलंडमध्यें रॉजर विल्यमसन याची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली हा एकटा शर्यतपटू आपली गाडी थांबवून धांवत गेला आणि हातांनीं ती उलटावूं लागला. कडेच्या स्वयंसेवकांच्या अंगावर आगीपासून वांचविणारे कपडे नव्हते. जवळ जाण्याची त्यांची शक्तीच नव्हती. शेजारून बाकीच्या गाड्या धांवतच होत्या. हें चित्रण आजहि पाहावयास मिळतें. जुन्या दिवसांची हुरहुर लागलेल्या माणसानें तें एकदां अखेरपर्यंत पाहावें. बहुतेकांना पाहवत नाहीं.

हा सारा परमुलखाचा इतिहास, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण हा काळ एकदां महाराष्ट्राच्या रस्त्यानेंहि गेला आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजीं लंडनहून सिडनीकडे ९८ मोटारी निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून, दिल्लीहून आग्रा-इंदूरमार्गें त्या मुंबईस आल्या, तेव्हां ७२ उरल्या होत्या. तेथून बोटीनें ऑस्ट्रेलिया. ह्या शर्यतीला राखून ठेवलेला मार्ग नव्हता. बैलगाड्या, मालमोटारी, गुरें आणि पाहायला जमलेली तोबा गर्दी यांच्यामधूनच ती धांवली. शेवटच्या दिवशीं बेल्जमचा लुसियें बियांकी सर्वांच्या पुढें होता. सिडनी शंभर मैलांवर राहिली असतां समोरून आलेल्या एका खासगी मोटारीशीं त्याच्या गाडीची टक्कर झाली. चाकावर त्या वेळीं त्याचा जोडीदार होता. बियांकीचा पाय चिरडला. मागून आलेला पॅडी हॉपकर्क स्वतःच्या यशाची आशा सोडून मदतीला थांबला आणि विजय अँड्र्यू कॉवनला मिळाला. बियांकी बरा झाला, पुन्हां शर्यतीला उभा राहिला, आणि ३० मार्च १९६९ रोजीं ल मां येथें सराव करतांना गेला. त्याच्या भावाचा नातू ज्यूल बियांकी. २०१४ च्या ऑक्टोबरांत जपानमध्यें पावसांत त्याची गाडी, दुसरी बंद पडलेली गाडी उचलणाऱ्या यंत्रावर आदळली, आणि २०१५ च्या जुलैंत तो वारला. सेन्नानंतर वीस वर्षें टिकलेला विश्वास कीं आतां असें होणार नाहीं, तो त्या दिवशीं ढळला.

२०१८ पासून गाडीवर चालकाच्या डोक्याभोंवतीं धातूचें एक कडें बसविणें सक्तीचें झालें. गाडी कुरूप दिसते, शर्यतीचा आत्मा गेला, अशी ओरड झाली. विरोध करणाऱ्यांत फ्रान्सचा रोमँ ग्रोझाँ होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहरीनमध्यें त्याची गाडी कठड्यांत शिरून दुभंगली आणि पेटली. तो आगींतून स्वतःच्या पायांनीं बाहेर आला, आणि कड्यानेंच जीव वांचविला हें त्यानें मोकळेपणें कबूल केलें. तरीहि ओरडणाऱ्यांची बाजू अगदींच खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. कड्याखालीं माणूस दिसेनासा होतो. पूर्वीं त्याचा चेहरा, मान, कोपर दिसत. त्याचें कौशल्य आणि त्याचें भय हीं दोन्हीं डोळ्यांना कळत. ओढ आहे ती ह्या दिसण्याची, मृत्यूची नव्हे. मात्र दोन्ही एकाच वेळीं गेलीं म्हणून आपण एकाच्या नांवानें दुसऱ्याचा शोक करतों.

हीच ओढ आमच्या मुलखांत मोटारीवांचूनहि पाहावयास मिळते. मिरजेच्या ईशान्येस आणि पूर्वेस आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा पावसानें हुलकावण्या दिलेला टापू. तेथें खिलार जातीचा, लांब शिंगांचा चपळ बैल पोसला जातो, आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेंत त्याचा बाजार भरतो. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकें, जू, आणि हांकणाऱ्याला कसेंबसें टेंकण्यापुरती जागा. जोडी उधळली कीं ह्या माणसाला धरायला कांहीं नाहीं. गाडी उलटली तर तो चाकाखालीं, आणि बैल सुटले तर गर्दीत. पूर्वीं कित्येक ठिकाणीं ह्या शर्यती रस्त्यावरून होत, काठी-चाबूक सर्रास चाले आणि विजेचा धक्काहि दिला जाई.

जुलै २०११ मध्यें केंद्र सरकारनें बैलाचा समावेश खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला, आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींवर बंदी घातली. मग त्यांच्या आठवणींना जें तेज चढलें तें शर्यती चालू असतांना क्वचितच होतें. जुनें चित्रण हातोहातीं फिरूं लागलें. २०१७ सालीं राज्यानें कायदा केला, पण तो न्यायालयांत अडकला. ऑगस्ट २०२१ मध्यें आटपाडी तालुक्यांतील झरे येथें पोलिसांचा बंदोबस्त असतांनाहि शर्यत पार पडली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला.

शेतकऱ्याची बाजू मला समजते. शर्यत नाहीं तर खिलार पोसावा कशाला, हा त्याचा प्रश्न पोटाचा आहे आणि ट्रॅक्टर आल्यापासून तो अधिकच बोंचरा झाला आहे. पण 'पूर्वींची मजा नाहीं' असें जेव्हां कानीं येतें, तेव्हां माझें मन अडखळतें. सेन्नानें धोका पत्करला. तो त्याचा होता. ल मां येथें उभ्या असलेल्या प्रेक्षकानें पत्करला नव्हता, हॉलंडच्या त्या स्वयंसेवकांनींहि नाहीं. बैलाला तर कोणीं विचारलेंच नाहीं. आठवणींत मात्र निवडणारे आणि न निवडणारे सारे एकाच रांगेंत शूर म्हणून उभे राहतात.

आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यक बैल तपासतो, काठी-चाबकाला मनाई आहे आणि धांव १००० मीटरच्या आंत ठेवावी लागते. मोठ्या मैदानांवर दोन्ही बाजूंस कठडे घालतात. निशाण पडण्याच्या सुमारास मात्र कित्येक तरुण त्या कठड्यांवरून आंत उतरतात आणि भ्रमणध्वनी उंच धरून, येणाऱ्या जोडीच्या वाटेवरच उभे राहतात. चित्रण जवळून चांगलें येतें म्हणून.