अळंबी, उंदीर आणि 'मरतात' हे क्रियापद

"मशरूममुळे कॅन्सरच्या पेशी मरतात" असा फॉरवर्ड कधी ना कधी सगळ्यांनाच येतो. मंडळी, यातलं 'मरतात' हे क्रियापद जरा तपासून बघू.

१९६९ साली टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमध्ये गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी शिताके अळंबीच्या अर्कातून काही पदार्थ वेगळे केले. त्यातलाच एक पुढे लेंटिनान म्हणून गाजला. हा बीटा-ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. 'सार्कोमा १८०' नावाची गाठ लावलेल्या उंदरांना तो टोचला, तर बऱ्याच जणांच्या गाठी चक्क नाहीशा झाल्या! 'नेचर'मध्ये पेपर आला.

पण गंमत पुढेच आहे. हाच पदार्थ काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशींवर टाकला तर त्या ढिम्म. मग उंदरात काम कोण करत होतं? १९७१ मध्ये माएदा आणि चिहारा यांनी थायमस ग्रंथी काढून टाकलेले उंदीर घेतले. टी पेशी तयार होतात त्या या ग्रंथीत. आणि लेंटिनानचा परिणाम गेला! (एक मॉड्यूल बंद करून सिस्टिम पुन्हा चालवायची, हे आमचं रोजचंच काम. म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो.) म्हणजे मारेकरी अळंबी नव्हतीच, ती फक्त पहारेकऱ्यांना जागं करत होती. त्यातून सार्कोमा १८० ही बहुतेक वेळा परक्या उंदराची गाठ, शरीर तिला हाकलायला आधीच टपलेलं. माणसाचा कॅन्सर मात्र घरचाच भेदी.

तरीही जपानने १९७७ मध्ये दुसऱ्या एका अळंबीपासून केलेलं 'क्रेस्टिन' आणि १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरसाठी लेंटिनान मंजूर केलं. तेही शिरेतून द्यायचं इंजेक्शन, शिताकेचं सूप नव्हे. १९८९ मध्ये सरकारने क्रेस्टिनचा फेरआढावा घेतला आणि ते केमोथेरपीच्या जोडीनेच वापरायचं असं बंधन घातलं.

१९९४ च्या 'लॅन्सेट'मध्ये जठराची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांचा अभ्यास आला. पाच वर्षांनी केमोथेरपीसोबत क्रेस्टिन घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के हयात होते, नुसती केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के. हा फरक काही थोडाथोडका नाही. लेंटिनानचं नशीब वेगळं. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा रोग उलटलेल्या ३०९ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये छापून आला. नेहमीच्या औषधाला लेंटिनानची जोड देऊन कुणाचं आयुष्य वाढलं नाही.