दूरस्थ मजकूर-सेवा आणि ‘वऱ्हाड’ची परीक्षा

मूर्तिजापूर जंक्शनवर एके काळी यवतमाळ व अचलपूरकडून नॅरो गेजने आलेला कापूस उतरवून मुख्य मार्गावरील ब्रॉड गेजच्या वाघिणींत भरावा लागे. रुळांची रुंदीच वेगळी असल्याने ही अदलाबदल अटळ होती. मराठी मजकूर प्रक्रियेसाठी दूरच्या संगणकाकडे धाडणाऱ्या आज्ञावलीलाही असेच काम करावे लागते.

भाषांतर, शुद्धलेखन तपासणी यांसारखी कामे आता दूरच्या सर्व्हरवर होतात. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम हे त्याचे परिचित उदाहरण. अशा सेवेकडे कमांड लाइनवरून, म्हणजे केवळ टंकलिखित आज्ञांनी, मजकूर पाठविणाऱ्या छोट्या आज्ञावलीस ‘क्लायंट’ म्हणतात. चित्रे व खिडक्यांचा बोजा नसल्याने ती जुन्या संगणकावर आणि मंद जोडणीवरही चालते. शेकडो फायली तिच्या हवाली करून अन्य कामास लागता येते.

तिची रचना अवघड नाही. मजकूर घ्यावा, ‘जेसन’ स्वरूपात बांधावा, ‘एचटीटीपीएस’ने पाठवावा आणि उत्तर छापावे. मात्र उत्तर आणि त्रुटीचा संदेश वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडले पाहिजेत. अन्यथा ‘जोडणी तुटली’ हे वाक्यच भाषांतर म्हणून फायलीत जाऊन बसते. सेवेची गुप्त किल्ली आज्ञेच्या ओळीत लिहिणे हा तर शुद्ध निष्काळजीपणा होय. ती आज्ञांच्या नोंदीत उरते आणि त्याच यंत्रावरील इतरांनाही दिसू शकते.

हा क्लायंट अकोला किंवा पुण्यातील यंत्रावर ठेवून मूर्तिजापुरातूनही चालविता येतो. त्यासाठी फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेली ‘एसएसएच’ पद्धत वापरतात. जोडीला ‘स्क्रीन’ वा ‘टीमक्स’ असल्यास गावातील वीज गेली तरी तिकडचे काम सुरूच राहते.

खरी कसोटी लागते ती अक्षरांची. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात एका चिन्हास एक बाइट पुरत असे. आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘यूटीएफ-८’मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मूर्तिजापूर’ या शब्दात काना, वेलांटी, हलन्त धरून ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. लांब मजकुराचे तुकडे बाइट मोजून पाडले, तर एखादे अक्षर मधोमध चिरले जाते. म्हणून तुकडा वाक्याच्या शेवटीच पाडावा. इंग्रजीवर तपासून पाहिलेली आज्ञावली हमखास फसते ती येथे.

‘वऱ्हाड’ हा शब्द त्याहून खट्याळ. त्यातील अर्धा र तीन प्रकारे साठविता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, र खाली नुक्ता देऊन, अथवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिला १८ बाइटांचा, उरलेले दोन २१ बाइटांचे. यंत्राच्या लेखी ते तीन निराळे शब्द ठरतात. शोध घेणाऱ्यास एक सापडतो, दोन हरवतात. ‘एनएफसी’ या युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एकरूप होतात. तिसऱ्यासाठी मात्र क्लायंटमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो.

जुन्या डीटीपी फायलींची गत याहून वाईट असते. ‘कृतिदेव’सारख्या फाँटमधील मराठी ही आत रोमन अक्षरेच असतात. ती युनिकोडमध्ये आणल्याविना पाठविल्यास सेवेच्या हाती निरर्थक मजकूर पडतो आणि उत्तरही तसेच येते.

त्यामुळे क्लायंट तयार झाल्यावर पहिली चाचणी तिन्ही प्रकारांनी लिहिलेल्या ‘वऱ्हाड’ची एक फाईल पाठवून घ्यावी. तिन्ही ओळींना एकच उत्तर आले, तरच पुढील फायली सोपवाव्यात.