ओट आजोबांचं बी

टोमॅटो, आमच्या वऱ्हाडात भेदरं, मूळचं अमेरिका खंडातलं. आज तिकडच्याच एका बियाण्याची हकिगत सांगते.

जर्मनीतल्या बव्हेरियाहून अमेरिकेत गेलेल्या ओट घराण्यानं सोबत टोमॅटोचं बी नेलं होतं, नाव ‘जर्मन पिंक’. म्हाताऱ्या ओट आजोबांनी ते नात डायान आणि नातजावई केंट व्हीली यांच्या हाती दिलं. आजोबा गेले, तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं, की आता आपल्याकडून हरवलं तर वाणच गेलं. १९७५ साली त्यांनी जुनं बी राखणारी माणसं पत्रांनी जोडली. तीच आजची आयोवा राज्यातली ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’.

आयोवाचा वसंत लहरी. कधी गारठा परततो, कधी वादळ, कधी गारा. म्हणून रोपं घरात वाढवून मे महिन्यात बाहेर लावायची, आणि सगळं बी एकदम पेरायचं नाही. पण एका घरातली पुरचुंडी उंदीरही नेतो! दहा घरांत वाटलेलं बी एका गारपिटीत संपत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली आपल्याकडची गारपीट आठवते ना? संकरित टोमॅटोचं बी धरलं तर पुढचं फळ तसंच येईल याचा भरवसा नाही. पुन्हा दुकान गाठावं लागतं. गावरानचं तसं नाही. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवा, बी धुवा, सावलीत वाळवा. आणि गटाच्या वहीत एक रकाना वाढवा: कोणाच्या घरी कोणतं बी.