सुगरण कोण? – सलीम अली यांचे स्मरण

सलीम अली १९८७ साली गेले. ‘पक्षीमित्र’, ‘निसर्गप्रेमी’ ही विशेषणे त्यांना इतकी चिकटली आहेत की मूळ माणूस त्याखाली दिसेनासा होतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यामुळे माणसाचं प्रेम कशावर होतं यापेक्षा त्याला कळलं कसं, हे विचारायची आम्हाला खोड आहे.

सुरुवात बंदुकीपासून आहे, हे आपण लपवू नये. आईवडिलांविना, खेतवाडीत मामांकडे वाढलेला हा मुलगा. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने घरट्यापाशी बसलेला चिमणीचा नर टिपला. मादी आत अंड्यांवर. थोड्या वेळात दुसरा नर हजर! सात दिवसांत त्याने तिथे आठ नर मारले आणि ते सगळं लिहून ठेवलं. ऐकवत नाही ना? पण त्या टिपणात निरीक्षण आहे, मोजणी आहे. पुढे १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, ती कुठली हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला. कुतूहल आधी आलं. प्रेम मागाहून, पाहता पाहता आलं असावं, असं आमचं मत.

विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मिळाली. पण बर्लिनला श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला मुक्काम. बेकार माणसाला पावसाळा मोठा वाटतो. यांनी तो सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर, शिडीवर कापडाचा आडोसा करून, घालवला.

आता गंमत बघा. मराठीत या पक्ष्याचं नावच ‘सुगरण’. बहिणाबाईंची कविता आपण सर्वांनी शाळेत म्हटली, त्यामुळे घरटं आई विणते हे आपल्या मनात पक्कं. कवितेला आम्ही नावं ठेवत नाही, तिचा अर्थ वेगळा आहे. पण आडोशातून दिसलं ते असं: विणतो तो नर. घरटं अर्धं झालं की माद्या येतात, आत शिरून तपासतात, बहुतेक वेळा नापसंत करून निघून जातात. एखादीने पसंत केलं, की नर खालची नळी विणून घरटं पुरं करतो, ती अंडी घालते आणि हे महाशय शेजारी दुसरं घरटं सुरू करतात! दुसऱ्या मादीसाठी.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन वेगळी प्रमाणे. इथे भाषेनेच निकाल आधी देऊन ठेवलेला होता, आणि घरटी तर साऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. कमी पडत होता तो सलग बसण्याचा वेळ. तो नोकरी गेल्यामुळे मिळाला.

१९४१ चं पुस्तक, रिप्ले यांच्यासोबतचे दहा खंड, पद्मविभूषण, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मादी पसंत करते ती विणकाम पाहून की झाडावरची जागा पाहून, हे पुढे इतर अभ्यासकांनी तपासलं. जागेचं पारडं जड निघालं.