दोन यमुना

स्त्रियांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे आणि एखाद्या कादंबरीवर बोलावे, ही कल्पना शहरी व उसनी आहे असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. ताडोबाच्या वेशीवरील मोहर्लीसारख्या गावी असे मंडळ चालेल काय, असा विषय निघाला तेव्हा आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. मराठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे पाहिल्यावर मात्र आमचे मत बदलले.

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी संमत झाला होता आणि खुद्द बाबांच्या बाप्तिस्म्याला अवघी तीन वर्षे झाली होती. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांना भेटते, त्यांची दुःखे ऐकते. पुढे तिच्यावरही वैधव्य कोसळते, ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कथानक सैल आहे, उपदेशही जागोजागी डोकावतो. परंतु प्रवास हे केवळ निमित्त. पुस्तकाचा खरा गाभा आहे तो बायकांनी एका बाईजवळ मोकळ्या केलेल्या मनाचा. मराठीतील ही पहिली कादंबरी म्हणजे एका परीने बायकांची बैठकच होय.

पण ज्यांची ही कहाणी, त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचायचे तर कोणीतरी ते मोठ्याने वाचायला हवे होते. आपणा कॅथलिकांना यात नवल वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते मंदिरात वाचले जावे, भाविकांनी ऐकावे म्हणून. ओवी डोळ्यांसाठी नसतेच, कानांसाठी असते. ‘यमुनापर्यटना’ची अडचण निराळी होती. शेवटच्या बाप्तिस्म्यामुळे, ज्या माजघरांसाठी ते लिहिले गेले तेथेच त्याचा प्रवेश अवघड झाला असणार. आणि आम्ही ख्रिस्ती वाचकांनी तरी काय केले? पहिली कादंबरी आपल्या माणसाने लिहिली म्हणून ती व्यासपीठांवरून मिरवली. (बाबा प्रॉटेस्टंट होते, हे अशा वेळी आम्ही सोयीस्करपणे विसरतो.) वाचली मात्र थोड्यांनीच.

माजघरात पुस्तक शिरणे किती कठीण होते, हे काशीबाई कानिटकरांच्या चरित्रावरून कळते. त्यांचा जन्म १८६१ चा. नवव्या वर्षी लग्न झाले तेव्हा वाचता येत नव्हते. पतीला शिकलेली पत्नी हवी होती आणि घरच्यांना ते खपत नव्हते. त्या चोरून, अडखळत शिकल्या. पुढे त्याच काशीबाईंनी ‘रंगराव’ व ‘पालखीचा गोंडा’ या कादंबऱ्या लिहिल्या. रमाबाई रानड्यांच्या आठवणींतही घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी जागोजागी आहेत. पुण्यात पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला. अशा सभेला जायचे म्हणजे घरी परतल्यावरचे टोमणे सोसण्याची तयारी ठेवूनच उंबरठा ओलांडायचा. पुढच्याच वर्षी पंडिताबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याविषयीचा संशय त्यानंतर किती वाढला असेल, हे सांगायला नको.

हरिभाऊ आपटे आणि काशीबाई यांचा वाङ्मयस्नेह प्रसिद्ध आहे. हरिभाऊंचे ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली निघाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच, घरची यमू. तिच्याही नशिबी वैधव्य आहे. तिचे तर बळजबरीने केशवपन होते. पदमनजींच्या यमुनेला नवा धर्म व नवा संसार मिळाला, हिला काहीच मिळाले नाही. पण हिला स्वतःचा आवाज आहे. ती ‘मी’ म्हणून बोलते, घरातल्या बायकांच्या भाषेत बोलते. पुरुषाने लिहिलेली ही भाषा इतकी खरी उतरली, ती हरिभाऊंनी बायकांचे बोलणे कान देऊन ऐकले म्हणून, असे आम्हास वाटते. शिवाय ही कथा हप्त्याहप्त्याने येई. दोन अंकांमधले दिवस ‘आता पुढे काय?’ असे बोलण्यास मोकळे असत. असा अवकाश सबंध छापील पुस्तक देत नाही, मासिक बैठक देऊ शकते.

मोहर्लीत बैठक भरवायची तर तिची वेळ जंगल ठरवील. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचायची असतात, नंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. त्या दिवसांत कोणालाच उसंत नाही. वाघाच्या मुलखात दिवेलागणीनंतर बायकांना घराबाहेर थांबवणेही बरे नव्हे. तेव्हा बैठक दुपारची, पावसाळ्यापासून सुरू होणारी. पुस्तकाची प्रत एकच असली तरी चालेल. जिला वाचता येते तिने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि हवे तिथे थांबवावे. आरंभ कोणत्या यमुनेपासून करावा याविषयी आमच्यात मतभेद आहेत. आमचा कौल हरिभाऊंच्या यमूला आहे. पदमनजींची यमुना दुसऱ्या महिन्यात.