हे कशावरून?

आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला कुणी ठोकून काही सांगितले की सर एकच प्रश्न विचारायचे, "हे कशावरून?" आपण हसायचो. निवृत्तीनंतर एका प्रकरणाची कात्रणे आणि पुस्तके वाचताना मात्र हा प्रश्न मला रोज आठवला.

१९७१ चा डिसेंबर तुम्हाला आठवत असेल. आपले हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि युद्धाच्या बातम्या रेडिओवरूनच कळत. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानातील शोरकोटच्या हवाई तळावर हल्ला करण्यास गेले, ते परतले नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

विमान पडले, एवढे नक्की. पण वैमानिकाचे काय झाले? त्याच सुमारास ढाक्याच्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तीत 'टॉम्बे' असे एक नाव होते. हा पहिला पुरावा. १९८८ साली पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आलेल्या एका भारतीयाने सांगितले, की १९७८ मध्ये लाहोरच्या चौकशी केंद्रात आपण तांबे यांना पाहिले होते. हा दुसरा. पाकिस्तानचे उत्तर मात्र कायम एकच राहिले : आमच्याकडे कुणी युद्धकैदी नाही.

सरांच्या पद्धतीने तपासले तर दोन्ही पुरावे अपुरे पडतात. युद्धकाळातली बातमी घाईची असते आणि नावही चुकीचे छापलेले. साक्ष दहा वर्षांनंतरची. पण दोन्ही बाजूला सारावेत, असेही नाहीत. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत घरी कार्ड पाठवू द्यावे लागते आणि लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडावे लागते. दमयंतीबाईंकडे असे कार्ड आले नाही.

दुसरे एक मराठी नाव शेजारी ठेवून पाहा. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परूळकर यांचेही सुखोई-७, १० डिसेंबरला पडले. ते रावळपिंडीच्या छावणीत होते. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह भिंत फोडून पळाले, अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा पकडले गेले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर वाघ्यामार्गे मायदेशी आले. त्यांची हकीकत आज त्यांच्याच तोंडून आलेली आहे. तांबे यांच्या बाबतीत सांगणाराच परतला नाही.

बेपत्ता सैनिकांची संख्या सरकारी नोंदीत ५४ सांगितली जाते. २००७ मध्ये नातेवाइकांचे १४ जणांचे पथक पाकिस्तानातील तुरुंगांत फिरून आले. त्यांना आपले कुणी भेटले नाही.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८ सांगत असे, की सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात आहे, हे म्हणणाऱ्यानेच सिद्ध करावे. म्हणजे कायदा माणूस मेला असे धरून चालतो. पण केव्हा, कुठे, कसा, हे तो सांगत नाही. घरच्यांना तेवढेच तर हवे असते. तारीख नाही म्हणून श्राद्धाची तिथी नाही, आणि कुंकू पुसायचे की ठेवायचे, हेही कुणी सांगू शकत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागाचे काम सांभाळत दमयंतीबाई वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवत राहिल्या.

"हे कशावरून?" हा प्रश्न परीक्षेच्या गुणांसाठी असतो, असे तेव्हा वाटायचे. एखाद्या घरात तोच प्रश्न पन्नास वर्षे अनुत्तरित राहतो, हे या प्रकरणाने मला शिकवले. सर, उत्तर अजून मिळालेले नाही. पण विचारायचे थांबायचे नाही, हे तुम्हीच शिकवलेत.